गादीवरची डूख

येडशीच्या पेठेत शरणबसप्पांचं भुसाराचं दुकान आहे आणि दुकानात एक गादी आहे. दोन्हींत जुनं काय, यावर घरात एकमत नाही. वडिलांनी जाताना बजावलं होतं, "खोळ दर दिवाळीला बदल, पण कापूस उसवू नको. गादी उसवली की लक्ष्मी उसवते." शरणबसप्पांनी शब्द पाळला. त्यामुळं गादीत वडिलांच्या काळचा कापूस आणि वडिलांच्याच काळची धूळ सुखानं नांदत होती. लोडाला टेकून बसलं, की समोरची तुरीची, हरभऱ्याची पोती त्यांना प्रजेसारखी दिसायची.

एका सोमवारी मागच्या गोदामातून एक धामण निघाली आणि गादीकडं सरपटत आली. शरणबसप्पांनी दाराला आडवा लावायचा लाकडी अडणा उचलला आणि भ्यालेल्या माणसाला साजेशा शौर्यानं हाणला. धामण मेली. मग त्यांच्या ध्यानात आलं, की वार सोमवार आहे, कपाळाला भस्म आहे, आणि आपण महादेवाच्या गळ्यातला दागिना मोडलाय.

"आता जोडीदार डूख धरणार," पेठेनं निकाल दिला. तुरीच्या भावाबद्दल पेठेचा अंदाज कायम चुकतो. सापाच्या बाबतीत मात्र तिला कुणी पुरावा मागत नाही.

आणि खरोखरच दुसरी धामण आली. पिवळसर, लांबलचक, भर दुपारी, थेट गादीकडं. शरणबसप्पा वजनकाट्यावर चढून उभे राहिले. हमालांनी गलका केल्यावर ती गोदामात परतली. काट्यानं अप्पांचं खरं वजन दाखवलं होतं, पण तेवढ्या धांदलीत ते कुणी वाचलं नाही, हीच काय ती देवाची कृपा.

दुकान बंद झालं. पण गादी रिकामी ठेवायची नाही, हाही वडिलांचाच दंडक. म्हणून गादी आणि लोड शेजारच्याच घरात, ओसरीवर हलवले, आणि अप्पा संरक्षणासाठी अडणा मांडीशी घेऊन बसले. धामण तिथंही आली.

"बास," ते बायकोला म्हणाले. "आपुन धाराशिवला जाऊ, पोराच्या फ्लॅटवर. चौथा मजला हाय. ही काय लिफ्टनं येत न्हाय."

"तुमी जावा. म्या ह्या गावातनं हलत न्हाय," पार्वतम्मा म्हणाल्या.

हलायचं खरं तर अप्पांनाही नव्हतं. फ्लॅटवर सोफा होता. सोफ्यावर बसणारा माणूस पाहुणा असतो; येताजाता "अप्पा, तुरीचं काय चाललंय?" असं त्याला कोण विचारतं? पण जीव तर वाचायला हवा होता.

त्यांना न्यायला सून शिवांजली गाडी घेऊन आली. ती धाराशिवला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सासरे कायमचे राहायला येणार म्हटल्यावर तिला आपल्या विषयाची कधी नव्हे एवढी ओढ वाटली.

"अप्पा, सापाला माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही," ती बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाली. "तो जिभेनं वास घेतो. जिभेला हवेतले, जमिनीवरचे कण चिकटतात. टाळूत दोन बारीक भोकं असतात, तिथं ते पोचले की त्याला वास कळतो. जीभ दुभंगलेली असते ना, म्हणून वास डावीकडं जास्त का उजवीकडं, हेही समजतं."

"म्हंजे तिला माजा वास लागलाय!"

"तुमचा नाही हो, मेलेल्या धामणीचा. शेपटीच्या बुडाशी ग्रंथी असतात, मार बसला की त्यातनं उग्र वास सुटतो. तो अडणा कुठंय?"

अप्पांनी मांडीशी धरलेल्या अडण्याकडं पाहिलं आणि विंचू झटकावा तसा तो टाकला. अडणा बंबात जळाला. त्याच बंबातल्या पाण्यानं अप्पांनी आंघोळ केली आणि निश्चिंत होऊन गादीवर बसले.

दुसऱ्या दिवशी धामण पुन्हा आली. अपयशातूनच विज्ञान पुढं जातं, असं शिवांजली वर्गात सांगते. ओसरीवर तिनं ते सांगितलं नाही.

अप्पा बाजेवर चढले. धामण त्यांच्या खालूनच गेली. जीभ बाहेर, आत, पुन्हा बाहेर. जरा डावीकडं, जरा उजवीकडं. भिंतीकडच्या बाजूला, लोडामागं, जिथं कधी कुणी बसत नाही, त्या कोपऱ्याशी ती थांबली आणि तिनं गादीत तोंड खुपसलं.

"अवं, ही तुमच्याकडं बघंना बी," पार्वतम्मा दारातून म्हणाल्या. "हिचं काम गादीशी हाय."

"उंदीर!" शिवांजली ओरडली. "अप्पा, तुमच्या गादीत उंदीर आहेत!"

या ओरडण्यानं धामण पायरीखाली पसार झाली. समोरच्या दुकानातून पाशामियाँना बोलावलं. त्यांचा धंदाच गाद्या भरायचा, आणि या एका गादीवर त्यांचा फार वर्षांपासून डोळा होता.

"अप्पा, कब से बोलरा मैं, पिंजने दो करके! तुम बोलते लक्ष्मी है अंदर. अब देखो," म्हणत त्यांनी कोपरा उसवला.

आत कुरतडलेल्या कापसाचं मऊ घरटं होतं. त्यात गुलाबी, मिटल्या डोळ्यांची पिल्लं, तुरीची टरफलं, शेंगदाणे, आणि वडिलांच्या काळच्या सगळ्या वासांवर मात करणारा मुताचा दर्प.

"माशाल्ला, लक्ष्मीचा परिवार मोठा है," पाशामियाँ म्हणाले.

अप्पा बाजेवरून उतरले. "म्हंजे पयली बी जेवायलाच आली हुती," ते म्हणाले.

मग ते पायीच रामलिंगाच्या देवळात गेले आणि हात जोडून बराच वेळ उभे राहिले. तोवर घरटं गोदामाच्या कोपऱ्यात ठेवलं गेलं होतं. पुढचं कुणी पाहिलं नाही.

गादी पिंजून, उन्हं खाऊन दुकानात परतली. शिवांजली एकटीच धाराशिवला गेली, फार प्रसन्न मनानं. हमालांना हुकूम झाला, की गोदामातल्या धामणीला कुणी काठी दाखवायची नाही. पोती कुरतडली जाणं कमी झालं.

एका दुपारी पार्वतम्मा चहा घेऊन आल्या, तेव्हा धामण दारात होती. अप्पा काट्यावर चढले नाहीत. सदरा नीट करून ताठ बसले. धामणीनं त्यांच्या दिशेनं एकदा जीभ लवलवली, त्यात दखल घेण्याजोगं काही सापडलं नाही, आणि ती पोत्यांमागं निघून गेली.

अप्पांचा चेहरा जरा पडला. "एवढं झालं, आन् ही आपल्याला वळखत बी न्हाय."

"बरंच हाय की," पार्वतम्मा कप पुढं करत म्हणाल्या. "वळखून डूख धरणारी घरात एक हाय, तेवढी पुरं."