भिंतीवरचा बाप

मासळीबाजाराच्या भिंतीवर फ्रित्झनेलचं चित्र काढलं, तेव्हा रंगाऱ्याने त्याच्या तोंडावर असं काही हसू चिकटवलं की गेर्दाला आपला नवरा ओळखूच येईना. हैती देश सोडून पोटासाठी इथे आल्यापासून कैक वर्षं तो याच बाजारात बर्फाच्या पेट्या ओढत होता. तेव्हा ‘ए हैती!’ एवढंच त्याचं नाव. मग उन्हाळ्यात गावातल्या एका मुलीला लाटेने ओढलं. याने अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात उडी टाकली, पोरीला खडकाकडे ढकललं आणि स्वतः बुडाला. रातोरात तो साऱ्या गावाचा ‘आपला फ्रित्झनेल’ झाला.

मग घराला माणसांची रीघ लागली. टीव्हीवाले आले, मायलेकींना शेजारी शेजारी बसवून ‘आदर्श हैतियन कुटुंब’ म्हणून दाखवून गेले. पण चौदा वर्षांची मिर्लांद घासभर जेवत नव्हती, मुठीने केस उपटत होती. एकदा गेर्दाने तिचे हात घट्ट धरले, तेव्हा ती फुटली.

“मीच ओरडले, आई, ‘पप्पा, उडी मारा!’ ती बुडणारी माझ्या वर्गातली होती. त्यांना पोहता येत नाही, हे ठाऊक होतं गं मला.”

गेर्दाने तिला दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरवलं. त्यांच्या हैतियन चर्चचे पास्टर एमिल ऐकूनच हबकले.

“इतक्यात नको, ताई. भिंतीवरच्या चित्राचा समारंभ होऊ दे. हैतीवाल्याच्या पोरीचं डोकं फिरलं म्हणायला लोक टपलेत. तुमच्यामुळे आत्ता कुठे आपल्या माणसांना भाड्याने खोल्या मिळायला लागल्यात.”

“आणि माझी पोर?”

“देव आहे ना तिला.”

गेर्दाने दवाखाना पुढे ढकलला, आणि त्याचाच तिला नंतर सगळ्यात जास्त संताप आला.

समारंभाला नगरपालिकेच्या हिमेनाबाई आल्या. त्यांनी गेर्दाच्या डोक्याला ‘तुमच्या हैतीचा’ म्हणून रंगीत रुमाल गुंडाळला.

“मिर्लांदने दोनच गोष्टी सांगायच्या. बाबांनी उडी घेतली तो क्षण, आणि या देशाचे आभार. आणि जरा हसऱ्या दिसा हं!”

माइकसमोर मिर्लांदचे ओठ नुसते हलले. मागून हिमेनाबाई कुजबुजत होत्या, “बोल ना बाळा, बाबांनी उडी मारली...”

गेर्दाच्या डोक्यात तिडीक गेली. डोक्याचा रुमाल ओढून काढत ती मंचावर चढली आणि तिने पोरीला जवळ घेतलं.

“पुरे! माझ्या नवऱ्याला पोहता येत नव्हतं, तरी तो गेला. आभार तुम्ही माना, आम्ही कशाचे मानायचे? तो जिवंत असताना याच गल्लीत आमच्या तोंडावर दारं आपटलीत. माझी पोर आजारी आहे. मी तिला घेऊन चालले.”

टाळी कुणी वाजवली नाही. “उपकाराची जाणीव नाही यांना,” एक बाई मोठ्याने म्हणाली. पास्टर मागून धावत आले.

“सगळं मातीत घातलंत!”

“घातलं. तुम्ही पोरीलाच घालायला निघाला होतात.”

चर्चच्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. दवाखान्यातही आधी नंबर मिळेना. गेर्दा खिडकीसमोर ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे मिर्लांदला आत घेतलं. दार बंद झालं आणि नवरा गेल्यापासून तोंडात दाबून ठेवलेलं सगळं तिच्याकडून बाहेर पडलं.

“पोहता येत नव्हतं, तर कशाला गेलास रे मेल्या! आम्ही नव्हतो का तुला?”

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. तिने डोळे पुसले नाहीत.