मी दाखवलेले पाच व्होल्ट

पिवळ्या रबरी खोळीत बसवलेला, काचेवर ओरखडे उठलेला एक जुना मीटर म्हणजे मी, मित्रांनो. विजेचा दाब मोजणे हे माझे काम. माझ्या पोटातून दोन वायरी निघतात, एक लाल आणि एक काळी. त्यांची टोके जिथे टेकवाल तिथे किती व्होल्ट आहेत, ते मी काचेवर आकड्यांत दाखवतो. पंचवीस वर्षे लोकांनी माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला. त्यांतला एक आकडा खोटा निघाला. आज मी त्याच आकड्याची गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोक्याला पांढरी टोपी बांधलेल्या बायका त्या टेबलाशी ओळीने बसत. कुणी वितळलेल्या कथलाने माझे भाग डाखले, कुणी काच बसवली. शेवटच्या बाईने माझी टोके एका ठरावीक दाबावर टेकवून पाहिली, आकडा बरोबर आला तेव्हा मला खोक्यात ठेवले आणि मी पुण्याला आलो.

सदाशिव पेठेतल्या एका अरुंद दुकानात सीतारामकाका रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करीत असत. मला त्यांनी विकत घेतले. काका बोलायला तिरकस, पण हात फार हळुवार. रोज सकाळी दुकान उघडले की चहाच्याही आधी ते खणातून एक नवा पेन्सिल सेल काढत आणि माझी टोके त्यावर टेकवत. मी दीड व्होल्ट दाखवले की म्हणत, "चला, शुद्धीवर आहे." मग कामाला सुरुवात. दर दोन-तीन महिन्यांनी ते माझे पाठीमागचे झाकण उघडून आतला चौकोनी सेल बघत. तो उतरायला लागला असेल तर लगेच बदलत. खंडेनवमीला पक्कड, कावीळ झाल्यासारखा पिवळा मी आणि डाखणी, आम्हा तिघांवर एकेक झेंडूचे फूल पडे.

माझे कौतुकही झाले आहे, मित्रांनो. मंडईत बायडाबाई नावाच्या बाई लिंबं-मिरच्या विकत. त्यांच्या गाळ्याच्या लोखंडी मांडणीला हात लागला की झिणझिण्या येत. लोक म्हणत, म्हातारीला भास होतात. काकांनी माझे एक टोक मांडणीला, दुसरे जमिनीला लावले आणि मी एकशे ऐंशी व्होल्ट दाखवले. दिव्याची एक वायर सोलवटून लोखंडाला चिकटली होती. बायडाबाईंनी ओल्या हाताने मांडणी घट्ट धरली असती तर काय झाले असते, ते काकांनी त्यांना सांगितले नाही. त्या मात्र समजल्या. माझ्या काचेवरून पदराचे टोक फिरवत म्हणाल्या, "लई गुणाचं हाय हे. मला खुळी म्हनत नाय." त्या दिवशी मला माझ्या कामाची किंमत कळली.

पुढे काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, बोटे कापू लागली. त्यांनी दुकान विश्वजीत नावाच्या एका तरुणाला दिले. विश्वजीतचे गाव शहराच्या हद्दीत आले होते आणि त्याला शेतीऐवजी काहीतरी नवे करायचे होते. त्याने काचेचे कपाट केले, दिवे लावले आणि सुटे भाग जोडून नवे कॉम्प्युटर तयार करून द्यायचा धंदा सुरू केला. निघताना काका त्याला म्हणाले, "हा मीटर जुना आहे, पण चांगला आहे. सेल तेवढा बघत जा."

"हो काका, बघतो की," विश्वजीत म्हणाला.

तो वाईट माणूस नव्हता. पण घाईत असे. दुकानातल्या प्रत्येक वस्तूला त्याने क्रमांकाचे लेबल लावले. माझे लेबल त्याने काचेच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवले. सेल उतरला की नेमके त्याच कोपऱ्यात माझे सेलचे छोटे चित्र उमटते. ते आता झाकले गेले. मला खणात टाकण्यात आले, आणि दोन वर्षे मी तिथेच पडून राहिलो.

मला बाहेर काढले ते प्रियदर्शनीने. ती वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आली होती, पेठेतच एका खोलीत तिघीजणींबरोबर राहत होती. मुलीने इतक्या दूर जाऊन स्क्रू पिळावेत, हे तिच्या बाबांना, बद्रीनाथांना, मुळीच पसंत नव्हते. त्यांनी तिला एक वर्ष दिले होते. वर्षभरात काही जमले तर ठीक, नाहीतर परत. तिला काम शिकून आर्वीत स्वतःचे दुकान काढायचे होते. तिने माझ्यावरची धूळ पुसली, वायरींचा गुंता सोडवला आणि मला टेबलावर उजव्या हाताशी ठेवले. अकरा महिने आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ कॉम्प्युटर चालू केले.

मग तो दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच एका दातांच्या दवाखान्याचे उद्घाटन होते आणि तिथला कॉम्प्युटर विश्वजीतने संध्याकाळपर्यंत देतो म्हणून शब्द दिला होता. प्रियदर्शनी सकाळपासून तो जोडत होती. दुपारी तीनच्या सुमारास तिने शेवटचा स्क्रू पिळला आणि बटण दाबले.

काहीच झाले नाही. पंखा हलला नाही. आत मुख्य बोर्डावर एक बारीक दिवा तेवढा मिणमिणत होता.

ती घाबरली नाही. तिने भिंतीतल्या सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहिला, तो लागला. मागचा खटका पाहिला. मेमरीची पट्टी काढून पुन्हा बसवली. मग बटणच खराब असेल म्हणून बटणाची वायर काढली आणि ती जिथे जोडलेली होती त्या बोर्डावरच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावले. तरीही सगळे थंड. टोक जरासे घसरले आणि बोर्डावर एक बारीक ओरखडा उठला.

मग तिने मला उचलले.

कॉम्प्युटरमध्ये सप्लाय नावाचा एक डबा असतो. भिंतीतली वीज तो आतल्या भागांना सोसेल इतकी कमी करून देतो. त्याच्या जांभळ्या वायरीवर, बटण दाबण्याआधीसुद्धा, पाच व्होल्ट असावे लागतात. ते कमी पडले तर बटण कितीही दाबा, काही होत नाही. प्रियदर्शनीने माझे लाल टोक त्या वायरीवर टेकवले. तिथे खरे तर चार पूर्णांक दोनच होते. नव्या कोऱ्या सप्लायमध्येच दोष होता.

पण माझ्या पोटातला सेल जवळजवळ तीन वर्षे कुणी पाहिला नव्हता. सेल उतरला की माझ्यासारखा मीटर बंद पडत नाही. तो आकडा चढा दाखवू लागतो. मी दाखवले पाच पूर्णांक एक. माझे इशाऱ्याचे चित्र कोपऱ्यात उमटले होते. ते लेबलाखाली होते.

"सर, पाच येतात," ती विश्वजीतला म्हणाली. "तरी एकदा दुसरा सप्लाय लावून बघू का?"

"बाकीचे सगळे सीलबंद आहेत. गिऱ्हाइकाचा खोका मी फोडणार नाही. मीटर पाच दाखवतोय ना?"

"हो."

"मग सप्लाय ठीक आहे. सरक बाजूला." त्याने मोबाइलचा उजेड आत धरला. "हा ओरखडा कुणी काढला?"

"स्क्रू-ड्रायव्हर थोडा घसरला. पण तो वरवरचा आहे, सर. आणि त्याच्या आधीपासूनच चालू होत नव्हता."

"ते आता कोण सांगणार?"

मी सांगू शकलो असतो, मित्रांनो. ते सांगण्यासाठीच मला बनवले होते. पण माझ्या काचेने पाच पूर्णांक एक असे आधीच सांगून टाकले होते.

विश्वजीतने कपाटातला मांडून ठेवलेला कॉम्प्युटर उचलला आणि दवाखान्यात पोहोचवला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. बहुधा तिथे बोलणी खावी लागली असावीत. त्याने हेल्मेट टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

"सर, बोर्ड तपासायला पाठवा. त्यांचं उत्तर येईपर्यंत तरी थांबा."

"पाठवतोच हाय. पण तोवर काय दुसरा जाळायला देऊ तुला?" राग आला की त्याच्या तोंडात गावाकडची बोली येत असे.

तिने स्क्रू-ड्रायव्हर जागेवर ठेवला. तिच्या आईचा फोन आला तेव्हा हलक्या आवाजात म्हणाली, "काही नाही झालं वं आई. आज लवकर सुटली." मग तिने माझ्या दोन्ही वायरी नीट गुंडाळल्या, टोकांवर टोपणे चढवली आणि मला खणात ठेवले. खण बंद होताना मी तिचा चेहरा पाहिला. आपला हात खरेच चुकला असेल का, असा प्रश्न त्या चेहऱ्यावर होता. मीच तिच्या मनात तो घातला होता.

त्याच संध्याकाळी विश्वजीतने शहरातल्या कॉम्प्युटर दुकानदारांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक निरोप टाकला. टाकण्याआधी तो स्वतःशीच वाचत होता, म्हणून मला ऐकू आला. "प्रियदर्शनी नावाची मुलगी काम मागायला आली तर सांभाळून. आमचा नवा बोर्ड घालवला."

तीन आठवड्यांनी बोर्ड परत आला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, दोष आढळला नाही. विश्वजीतने ती दोनदा वाचली. तोच बोर्ड, तोच सप्लाय जोडून बटण दाबले. पुन्हा काही नाही. मग त्याने सीतारामकाकांना फोन केला.

काका रिक्षाने आले. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, जाड चष्मा होता. त्यांनी मला हातात घेतले, कोपऱ्यातल्या लेबलावर अंगठा फिरवला आणि ते नखाने खरवडून काढले. खालचे चित्र दिसले. त्यांनी मान हलवली, खिशातून नवा चौकोनी सेल काढला आणि माझ्या पोटात बसवला. मग माझे लाल टोक जांभळ्या वायरीवर टेकवले.

चार पूर्णांक दोन.

"मुलीला काढलंस ते कशावरून?" काकांनी विचारले.

"मीटरनं पाच दाखवले, काका. तिनंही बघितले."

"मीटरकडे कोणी बघितलं होतं?"

विश्वजीतने खरवडलेल्या लेबलाकडे पाहिले.

"फोन लाव तिला. माझ्यासमोर."

फोन टेबलावर माझ्याशेजारीच होता, त्यामुळे दोन्हीकडचे बोलणे मला ऐकू आले. विश्वजीतने सगळे सांगितले. आडपडदा ठेवला नाही, एवढे त्याच्या बाजूने म्हणायला हवे.

"पाच तर मीही बघितले होते, सर," ती म्हणाली.

"सेल उतरला होता. चूक तुझी नव्हती. तू परत ये. जागा तशीच आहे."

"बाबा नाही पाठवणार. मी सात दुकानं फिरले. चौथ्या दुकानात कळलं, की तुमचा निरोप माझ्याआधीच पोहोचतो. मग खोली सोडली. इथे बाबा सगळ्यांना सांगतात, पुण्यात जाऊन मशीन जाळून आली. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. परवा घरचा मिक्सर बंद पडला. आई म्हणाली, बघ तर जरा. मी उघडला नाही. हात पुढेच होत नव्हता."

"मी तुझ्या बाबांशी बोलतो."

"बोला. पण आधी गटावर लिहा. वाईट लिहिलं तेव्हा माझं नाव घातलं होतं. आताही नाव घालून लिहा."

विश्वजीतने लिहिले. काकांनी ते वाचून दाखवायला सांगितले. "त्या बोर्डात दोष नव्हता. सप्लाय खराब निघाला."

"नाव कुठे आहे?"

"समजतील काका सगळे."

"वाईट होतं तेव्हा नावाशिवाय समजत नव्हतं, आता बरं समजेल."

विश्वजीतने मान खाली घालून पुन्हा लिहिले, या वेळी नावासकट. दोघा-तिघांनी पसंतीच्या अंगठ्याचे चित्र टाकले. लगेच खाली कुणीतरी जुने प्रिंटर विकायला काढल्याची जाहिरात टाकली, मग आणखी काही, आणि तासाभरात तो निरोप वर सरकून दिसेनासा झाला. बद्रीनाथांना फोन लागला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "आता कशाला ते, साहेब. ती आहे इथे बरी." आणि फोन ठेवला.

प्रियदर्शनी परत आली नाही. त्यानंतर विश्वजीतने तिला दोनदा फोन केला, तो तिने उचलला नाही. आता तो शंका आली की सीलबंद खोका फोडतो. तिच्या टेबलावर दुसरे कुणी बसत नाही, त्यावर रिकामी खोकी ठेवलेली असतात. काका मला घरी घेऊन गेले. मी आता बरोबर मोजतो, पण मोजायला फारसे काही नसते.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात माझी पुष्कळ भावंडे आहेत. कुणी ताप सांगते, कुणी वजन, कुणी वेळ. आम्हाला पुसा, आमचा सेल पाहा, आमच्या तोंडावर काही चिकटवू नका. आणि आमच्याकडे बोट दाखवून कुणाला दोषी ठरवायची वेळ आली, तर आधी एकदा आम्हालाच तपासा. आम्ही खोटे निघालो तर आमचा सेल बदलतात, एवढेच. शिक्षा तोवर दुसऱ्याच कुणाला तरी होऊन गेलेली असते.