मेमधली पाहणी

खराडीजवळच्या नदीकाठच्या गवताळ जागेत कोणते कीटक आहेत, याची पाहणी मिसबाने मे महिन्यात केली होती. गवत वाळलेलं होतं. 'उल्लेखनीय प्रजाती आढळल्या नाहीत,' असं लिहून तिने सही केली. सल्लागार कंपनीतला तो तिचा पहिलाच अहवाल. त्यावरच तिथे तीन इमारती बांधायला परवानगी मिळाली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी ती सहज तिकडे गेली. हिरव्या गवतात एक काडी हलली. काडी कसली, लेप्टोगॅस्टर होती ती! सुईसारख्या बारीक पोटाची शिकारी माशी, पुढच्या पायांनी पात्याला लटकून चिलट खात होती. मिसबाचा प्रबंध याच माशीवर होता आणि दोन वर्षांत तिला ती दोनदाच दिसली होती. इथे तासाभरात एकोणीस दिसल्या.

तिला धड आनंदही होईना. मेमध्ये या माशा अळीच्या रूपात मातीत असतात, हे तिला तेव्हाही माहीत होतं. अहवालात तिने ते लिहिलं नव्हतं.

"मेमध्ये जे दिसलं तेच लिहिलंस ना?" तिच्या वरिष्ठ सोनाली मॅडम म्हणाल्या. "मग खोटं काय त्यात?"

"खोटं नाही, पण अपुरं आहे."

"बरं. मग माशीलाही एक फ्लॅट देऊ या."

संध्याकाळी खडकीच्या घरी तिने अब्बांना सगळं सांगितलं. जब्बारभाई दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते, आता निवृत्त.

"मी एकदा पास केलेली पेटी परत मागवली होती," ते म्हणाले. "साहेब महिनाभर बोलले नाहीत."

"मग?"

"मग बोलले. तुझे बोलतीलच असं नाही."

मिसबाने परवानगी देणाऱ्या कार्यालयाला फोटो पाठवले, स्वतःची चूक कळवली. चौदा नोव्हेंबरची सुनावणी लागली. कंपनीने तिला फोटो पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं, आणि सुनावणीआधीच, नऊ तारखेला, जागेवर जेसीबी फिरला.

तरी ती सुनावणीला गेली.

"आता तिथे काय उरलंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नदीलगतची एक पट्टी."

"तिथे माशा आहेत?"

'हो' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पुढच्या पावसाळ्यानंतर सांगता येईल."

तेवढी पट्टी तोवर तशीच ठेवायचा हुकूम निघाला. बाहेर येऊन मिसबा पायरीवर बसली. अब्बांचा फोन वाजत होता. जिंकलो म्हणावं की हरलो, हे न कळून तिने तो बराच वेळ उचलला नाही.