द थिंग इज व्हॉट

सकाळी दहा वाजल्यापासून ल्युसी टीचर मरोळ गावठाणातल्या स्वतःच्याच घरात अटकेत होत्या. निदान फोनवरचा खाकी वर्दीतला माणूस तरी तसंच सांगत होता. तुमच्या आधार कार्डावर सिम घेऊन कुणीतरी गुन्हा केलाय; चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, दार उघडायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. अठ्ठावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या बाई, पण कॅमेऱ्यासमोर निमूट बसून होत्या. शेजारच्या शर्लिनने बाहेरून दोनदा हाक मारली, तरी त्यांनी ओ दिली नाही.

साडेबाराला वर्दीवाल्याने 'मोठ्या साहेबांना' लाइनवर घेतलं. यांचा चेहरा दिसेना, नुसता आवाज.

"मॅडम, द थिंग इज व्हॉट, युअर अकाउंट इज अंडर इन्क्वायरी. द थिंग इज व्हॉट, फुल अमाउंट यू हॅव टु ट्रान्सफर."

बँकेच्या ॲपवरचा टीचरांचा अंगठा तिथेच थांबला. हे चार शब्द त्यांनी एका पोराच्या तोंडून तीन वर्षं ऐकले होते. दर वाक्याआधी तेच, आणि मग दातांतून ओढलेला श्वास. वर्गात उभं करून त्या म्हणायच्या, त्याच्याशिवाय एक मिनिट बोलून दाखव. चाळीस सेकंदांपुढे तो कधी गेला नाही.

आपली चूक झाली तर? अटक खरीच असली तर?

"प्रबुद्ध," त्या म्हणाल्या, "थिंग इज व्हॉट नको. काय ते सरळ सांग."

वर्दीवाला ओरडला, "कौन प्रबुद्ध? मॅडम, कॅमेरे में देखो!"

आणि तोच मघाचा आवाज, एकदम खाली, मराठीत, "टीचर, फोन कट करा. काही पाठवू नका."

मागून कुणीतरी खेकसलं, काहीतरी जोरात आपटलं आणि स्क्रीन काळी झाली.

शर्लिनला घेऊन त्यांनी रिक्षाने पोलीस ठाणं गाठलं. हवालदाराने सगळं लिहून घेतलं. "आवाज ओळखीचा वाटला का, मॅडम?"

फोन करताना टीचरांचं नाव प्रबुद्धसमोर असणारच की. त्याने ओळखलं नव्हतं, का ओळखूनही?

"आंटी, सांगून टाक ना," शर्लिन म्हणाली.

त्यांनी नाव सांगितलं. आडनाव, शाळा, दहावीचं वर्ष, सगळं. "आणि फोन कट करा असं त्यानेच सांगितलं, तेही लिहा," त्या म्हणाल्या. "त्याला मारत असतील हो तिथे. लवकर शोधा."