पाणी वजा जाता

मुकादमाने परवापासून अन्नाला तोंड लावले नव्हते. घरभर देखरेख करत हिंडायच्या खोडीमुळे हे नाव पडलेला तो म्हातारा कुत्रा आता भिंतीकडे तोंड करून पडून होता. उद्यापर्यंत खाल्ले नाही तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावे लागेल, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. या वयात तो तिथून परत येईल की नाही, हे मात्र त्यांनी सांगितले नव्हते.

त्याच्यापुढे दोन वाट्या होत्या. एकीत बापाने ठेवलेले कोरडे दाणे, दुसरीत लेकीने ठेवलेला कच्चा खिमा.

"बाबा, त्या खड्यांत कसलं आलंय सत्त्व?"

"पाकीट वाच. दाण्यांत प्रथिनं सव्वीस टक्के, तुझ्या खिम्यात अठरा."

"आणि खिम्यातलं पाणी? ते वजा करा, मग बोला!"

बाप वरमला. कारखान्यात ओतकामाच्या साच्यांच्या वाळूतला ओलावा तपासण्यात ज्याची सारी नोकरी गेली, त्याला हे लेकीने सांगावे!

"रास्त आहे," तो म्हणाला. "खिमा वाळवून तोलू. कोरड्याशी कोरडं ताडून पाहू."

"आत्ता? तो तिकडे उपाशी पडलाय, बाबा!"

"मग काय, हात बांधून त्याच्याकडे बघत बसू?"

वजनकाट्यावरची ताटली लेकीनेच पुसून दिली.

खिमा मंद आचेवर ओव्हनमध्ये गेला. हळूहळू स्वयंपाकघर मांसाच्या वासाने भरून गेले.

"आता पडदेही धुवा तुम्हीच," लेक पुटपुटली, आणि एकदम थांबली. मागे फरशीवर नखे वाजत होती. मुकादम अडखळत आला, ओव्हनसमोर बसला आणि कामावर उशिरा आलेल्याची झडती घ्यावी तसा दाराची फट हुंगू लागला.

"वयामुळे नाक मंदावलंय त्याचं," लेक हळूच म्हणाली. "थंड खिमा काय नि दाणे काय, त्याला काही जाणवतच नसणार."

बापाने लगबगीने ताटली बाहेर काढली.

"अहो बाबा, अजून ओला आहे! वजन राहिलं की!"

"चुलीत गेलं ते वजन! कोमट पाणी आण."

त्याने दाणे भिजवून कुस्करले, वर खिमा पसरला, बोट बुडवून ऊब पाहिली आणि वाटी पुढे सरकवली. मुकादमाने हुंगले. एकदा चाटले. मग मान खाली घालून तो चपाचपा खाऊ लागला. लेकीने बापाची बाही घट्ट धरली.

"डॉक्टरीणबाईंना कळवू?"

"थांब गं," बाप म्हणाला, पण त्याचा आवाज ओलावला होता. "वाटी चाटूनपुसून होऊ दे आधी."