मून स्टारचा दगडी रूळ

मी रूळ बोलतोय. क्रिकेटचं पिच दाबायचा दगडी रूळ. वाशीमकडच्या मालेगावातून जऊळक्याकडे जाताना डाव्या हाताला नवे दुकानगाळे लागतात. त्यांच्या मागच्या भिंतीला टेकून, गटाराच्या काठावर मी पडलोय. पानवाल्याची गिऱ्हाईकं माझ्यावर थुंकतात. थुंका. माणसांकडून मी याहून वाईट पाहिलंय.

कुणाचं चांगलं सांगायला मी तोंड उघडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जे घडलं ते सांगतो.

मला घडवलं भिवाजीनं. सन एकोणीसशे त्रेसष्ट. जऊळक्याच्या बाजूच्या खदानीत तो रेल्वेसाठी गिट्टी फोडायचा. चोवीस वर्षांचा, काळाकभिन्न, मनगटं बैलाच्या खुरासारखी. त्याच्या बापानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता आणि पोराला सांगितलं होतं की कुणापुढे वाकायचं नाही. भिवाजी वाकायचा तो फक्त छिन्नी मारताना. अकरा रविवार त्यानं माझ्यावर खर्च केले. काळ्या दगडाचा एक ओबडधोबड धोंडा होता मी, त्यानं मला गोल केला. हात फिरवून बघायचा, कुठे उंचवटा लागला की पुन्हा छिन्नी.

पण नुसता गोल दगड ओढणार कसा? ते काम सैफुद्दीनचं. बाजारात त्याचं लोहाराचं दुकान होतं. नांगराचे फाळ, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा, विळे, असलं काम. बावीस वर्षांचा होता. माझ्या दोन्ही तोंडांना भोकं पाडून त्यानं लोखंडी खुंट्या बसवल्या, वरून वितळलेलं शिसं ओतलं. जुन्या गाडीच्या कण्याची दांडी केली. मग दोघांनी मिळून मला मैदानात ओढत आणलं. अर्धं गाव मागे.

क्लबचं नाव ठेवलं मून स्टार क्रिकेट क्लब. सैफुद्दीन कॅप्टन, भिवाजी बॉलर. तेव्हा आपला जिल्हा अकोला होता. अकोल्याहून टीम यायची आणि भिवाजीचे पहिले चार बॉल खेळल्यावर त्यांचे बॅट्समन एकमेकांकडे बघायला लागायचे. सकाळी मॅचच्या आधी मला ओढायला हे दोघंच. बाकीचे पोहे खायला आले तरी हे दांडी सोडायचे नाहीत, म्हणायचे, राहू द्या, तुम्हाला पिचचं कळत नाही. पिचवर पाणी मारून, मला फिरवून, वर काथ्याची लांब चटई अंथरायचे आणि चारी बाजूंनी खिळे ठोकायचे. चौदा वर्षं असं चाललं. चौदा वर्षं मी या दोघांना माणसं समजत होतो.

मग सत्त्याहत्तरची फायनल आली. समोर वाशीमची टीम, मैदान आपलं. पाचशे तरी लोक असतील. त्या काळी ज्यांची बॅटिंग, त्यांचेच दोघं अंपायर म्हणून उभे राहायचे. सैफुद्दीन आउट होऊन आला होता, तो अंपायर झाला. शेवटची जोडी खेळत होती, तीन रन हवे होते. बॅटिंगला भिवाजी.

वाशीमच्या बॉलरनं बॉल टाकला. भिवाजीनं बॅट घातली. काहीतरी आवाज झाला. बॉल मागे कीपरच्या हातात गेला आणि सगळे वाशीमवाले ओरडले. सैफुद्दीननं बोट वर केलं.

बॅटला बॉल लागला होता की नाही? मला विचारू नका. मी दोरीच्या बाहेर होतो. दगडानं सगळं पाहिलेलं असतं, हा तुमचा एक खुळा समज आहे.

भिवाजी जागचा हलला नाही. वाशीमवाले स्टंप उपटून नाचायला लागले तरी हा तसाच. मग चालत सैफुद्दीनजवळ गेला. आवाज शांत होता.

"बॅट चटईले लागली, सैफुभाई. बॉलले नाई लागली."

"म्या आवाज आयकला."

"आयकला का पाह्यलं?"

"आउट म्हन्जे आउट. अंपायर मी आहो."

इथे थांबला असता तर चाललं असतं. भिवाजी थांबला नाही. वाशीमच्या कॅप्टनची कापसाची जिनिंग होती आणि महिन्यापूर्वी तिच्या फाटकाचं काम सैफुद्दीनला मिळालं होतं. भिवाजीनं सगळ्यांच्या समोर तेच काढलं. म्हणाला, "फाटकाचं काम भेटलं म्हून बोट वर झालं का?"

सैफुद्दीननं त्याच्या थोबाडीत मारली. पाचशे लोकांत. ज्याच्या बापानं सांगितलं होतं वाकायचं नाही, त्याच्या.

भिवाजीनं हात उचलला नाही. लोकांना तो समजूतदारपणा वाटला. मी त्याला ओळखत होतो. तो राग साठवून ठेवत होता.

तिसऱ्या दिवशी सैफुद्दीन छिन्नी-हातोडा घेऊन मैदानात आला. भिवाजीनं लोकांत सांगायला सुरुवात केली होती की रूळ माझा आहे, मी घडवला, आता माझ्याच पोरांसाठी फिरेल. सैफुद्दीननं माझ्या तोंडातलं शिसं फोडलं, खुंट्या उपटल्या, दांडी खांद्यावर टाकली. भिवाजी समोर उभा राहून बघत होता. सैफुद्दीन एवढंच म्हणाला, "दगड तुहा, लोखंड माहं." त्याच संध्याकाळी भिवाजीच्या माणसांनी चटई मधोमध विळ्यानं कापली आणि अर्धी घेऊन गेले.

क्लबचे दोन झाले. एक ओल्ड मून स्टार, दुसरा ओरिजनल मून स्टार. हसू नका, हीच नावं होती. दोघांनी आपापल्या टोप्या शिवल्या. एक रविवार यांचा, एक रविवार त्यांचा. मी लिंबाच्या झाडाखाली पडून राहिलो. म्हशी माझ्यावर अंग घासायच्या. पिच दाबायला कुणी नाही. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, त्यावर अर्धी चटई. बॉल चटईच्या कडेवर पडला की कुठे उडेल याचा नेम नसायचा. दोन्ही क्लबांना हे दिसत होतं. एक दांडी बसवली असती तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण मागायचं कुणी?

सात वर्षांनी तालुक्याच्या स्पर्धेत दोन्ही क्लब समोरासमोर आले. भिवाजीचा मुलगा प्रसेनजित तेव्हा सोळा वर्षांचा होता, बापापेक्षा बॅट चांगली धरायचा. सैफुद्दीनचा मुलगा मुबश्शिर बॉलिंगला. सतराचा. ही दोन पोरं शाळेत एका बाकावर बसत. बापांच्या समोर ओळख दाखवत नसत.

मुबश्शिरचा बॉल चटईच्या कापलेल्या कडेवर पडला आणि सरळ उसळून प्रसेनजितच्या डाव्या डोळ्यावर बसला.

पोरगा खाली कोसळला. मुबश्शिर धावत गेला, त्यानं मित्राचं डोकं मांडीवर घेतलं. दोरीच्या बाहेरून सैफुद्दीन ओरडला, मागे हो, हात लावू नको, आपल्यावर येईल. तेवढ्यात भिवाजी पोचला आणि त्यानं मुबश्शिरला लाथेनं बाजूला ढकललं. पोराच्या डोळ्यातून रक्त येत होतं आणि दोन म्हातारे होऊ घातलेले पुरुष एकमेकांच्या बापाचा उद्धार करत होते. भिवाजीची बायको पंचफुला शेतातल्या निंदणीवरून आली, हातात विळा तसाच. तिनं पोराला उचललं, जीपमध्ये बसली आणि अकोल्याला गेली. डोळा वाचला नाही.

मुबश्शिरनं त्यानंतर बॉल हातात घेतला नाही. बापाच्या दुकानात वेल्डिंग करतो. प्रसेनजित एका शाळेत शिपाई झाला. दोन्ही क्लब मात्र चालूच. कोण ओल्ड, कोण ओरिजनल, याच्या पाट्या दर दिवाळीला नव्यानं रंगवायचे.

गेल्या वर्षी हिवाळ्यात मैदानाच्या लिंबावर सरकारी नोटीस लागली. जागा एका क्लबला दिलेली आहे, मून स्टारला. आता दोन क्लब हक्क सांगतात. मूळ सभासदांनी एकत्र सही करून एक अर्ज महिन्याभरात द्यावा, नाहीतर जागा दुकानगाळ्यांसाठी घेतली जाईल. मूळ सभासदांपैकी जिवंत दोघंच. चौऱ्याऐंशी वर्षांचा सैफुद्दीन आणि शहाऐंशीचा भिवाजी.

धावपळ केली ती मुबश्शिरच्या मुलीनं, अनमनं. ती शाळेत शिकवते, मुलींची टीम बसवायची तिच्या मनात होतं. तिनं अर्ज लिहिला, भिवाजीच्या घरी चार चकरा मारल्या, आजोबाला महिनाभर मनवलं. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी दोघांना तिनं मैदानात आणलं. खुर्च्या मांडल्या, नेमक्या माझ्याजवळ. भिवाजीबरोबर पंचफुला आणि प्रसेनजित आले. मुबश्शिर लांब उभा राहिला.

दोन म्हातारे एकमेकांकडे पाठ करून बसले. अनम म्हणाली, मैदान गेलं तर कुणाचंच राहणार नाही. सैफुद्दीन म्हणाला, आधी त्यानं सही करावी. भिवाजी म्हणाला, ज्यानं मारलं त्यानं आधी करावी. अर्धा तास हेच. मग थप्पड, मग फाटक, मग चटई. सगळं पुन्हा निघालं.

पंचफुला उठली. प्रसेनजितच्या खांद्यावर हात ठेवून तिनं त्याला पुढे उभं केलं.

"तुमी दोघं अठ्ठेचाळीस वर्सं एका बॉलवर भांडून राह्यले," ती म्हणाली. "तो बॉल लागला का नाई लागला. माह्या पोराले लागला तो बॉल सगळ्याइनं पाह्यला. त्याच्याबद्दल एकानं तरी तोंड उघडलं काय? सैफुभाऊ, तुमी नाई. अन् प्रसेनजितचे बाबा, तुमीबी नाई."

भिवाजीनं अनमच्या हातातून पेन घेतला आणि सही केली. अक्षरं वाकडी आली, पण सही झाली. अनमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं कागद आजोबापुढे धरला.

सैफुद्दीननं पेन हातात धरला. मग म्हणाला, "करतो ना सही. पन भिवानं चार लोकात एकदा म्हनावं का बॉल बॅटले लागला होता. बस, एवढंच."

भिवाजीनं तोच कागद ओढून घेतला आणि स्वतःची सही इतक्या जोरानं खोडली की कागद फाटला.

पंचफुला कुणासाठी थांबली नाही. एकटी चालत घरी गेली. अनम खाली बसून फाटलेला कागद जुळवत होती, आणि मुबश्शिर येऊन तिला म्हणाला, राहू दे बेटा, हे दोघं सुधरत नाहीत.

पुढचं काय सांगू? जेसीबी आला. लिंब पाडला. पिच कुठे होतं ते आता त्यांनाही सांगता येणार नाही, वर मोबाईलचं दुकान आहे. मला पंज्यानं ढकलत इथे आणून टाकलं. माझी एक कड फुटली. ड्रायव्हरनं विचारलं, हे कोणाचं आहे? उभ्या असलेल्या शंभर माणसांत कुणी माझं म्हणालं नाही. मैदान गेल्यावर ओल्डही बंद झाला आणि ओरिजनलही.

यंदा श्रावणात भिवाजी गेला. त्याच्या अंत्ययात्रेत मुबश्शिर होता, अनम होती. सैफुद्दीन नव्हता.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, नमाजनंतर तो इथे आला. एकटाच, काठी टेकत. गटाराच्या वासाची पर्वा न करता माझ्यावर बसला. बराच वेळ दम खाल्ला. मग माझ्या फुटक्या कडेवर हात ठेवून बोलायला लागला, जसा मीच भिवाजी आहे.

"भिवा, मले काईच दिसलं नोतं. ऊन डोयावर होतं. आवाज कायचा होता तेबी समजलं नाई. ते सारे ओरडले, अन् माहं बोट वर झालं. खाली घ्याची हिंमत नाई झाली. तू फाटकाचं नसतं काढलं तं सांगतलं असतं रे. त्याच रात्री सांगतलं असतं."

मग तो रडला आणि मला कुरवाळत राहिला. पानाच्या पिचकाऱ्या त्याच्या पांढऱ्या कुर्त्याला लागल्या.

तुम्हाला वाटेल मला कणव आली. नाही आली. त्याच्या हाताखालून सरकता आलं असतं तर मी सरकलो असतो. एकोणपन्नास वर्षं हे वाक्य याच्या पोटात होतं. क्लब फुटताना होतं, पोराचा डोळा गेला तेव्हा होतं, पेन हातात धरून त्या माणसाला खोटं कबूल करायला सांगत होता तेव्हाही होतं. आणि काढलं कुणापुढे, तर दगडापुढे.

आता तो दर शुक्रवारी येतो. तेच बोलतो, तेवढंच रडतो, हलका होऊन घरी जातो.

सैफुद्दीन, मला कुरवाळू नकोस. मी भिवाजी नाही. मला त्यानं अकरा रविवारांत घडवलं असलं तरी त्याच्या वतीनं माफ करायचा अधिकार मला नाही, आणि असता तरी मी केलं नसतं. पंचफुला अजून जिवंत आहे. तिचं घर इथून चार गल्ल्या पुढे आहे, आणि दुपारी ती ओसरीवर बसलेली असते. प्रसेनजित पाचला शाळेतून येतो. ती कदाचित तुला पाणीही विचारणार नाही. शिव्या देईल. दे म्हणावं.

तुझे पाय अजून चालतात. ऊठ माझ्यावरून.