आकडा उतरला आणि डॉक्टरबाई गप्प झाल्या

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, जड काय आणि हलकं काय, एवढं मला पक्कं कळतं. पण जड चांगलं की हलकं चांगलं, हे मला आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही. त्यामुळे माझी हकिगत ऐकताना तुम्हीही थोडे बुचकळ्यात पडलात, तर दोष माझा समजा.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. खाली उभं राहायला लोखंडी फळी, तिच्यामागे उंच खांब, खांबाच्या माथ्यावर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारे दोन ठोकळे, एक मोठा नि एक छोटा. अंगाला पांढरा रंग. एका चष्मेवाल्या तपासनिसाने माझ्यावर पितळी वजनं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. मग “हा खोटं बोलणार नाही,” असं म्हणून त्याने माझ्या दांडीवर शिक्का मारला. मला फार धन्य वाटलं.

पहिली नोकरी लागली ती लहान मुलांच्या दवाखान्यात. आई बाळाला घेऊन माझ्यावर उभी राहायची, मग बाळ नर्सच्या हातात देऊन एकटी उभी राहायची. नर्स वजाबाकी करायची. “पाव किलो वाढलंय हो!” असं ती म्हणाली की आईचा जीव भांड्यात पडायचा. वाढलं नसेल तर आईचे डोळे भरून यायचे. तिथे मी एक धडा शिकलो. वाढलं की आनंद, घटलं की काळजी. धडा सोपा होता. सोळा वर्षं मी तो गिरवला.

पुढे तो दवाखाना मोठ्या इमारतीत गेला. तिथे नवी यंत्रं आली आणि मला एका डॉक्टरबाईंनी विकत घेतलं.

या डॉक्टरबाई सुया टोचून उपचार करायच्या. ही चीनकडची जुनी विद्या त्या कित्येक वर्षं शिकल्या होत्या. एक लांबट खोली, पडदे लावलेल्या तीन खाटा आणि एका भिंतीला छताजवळ पोचणारे छोटे छोटे खण. खणांत वाळलेल्या मुळ्या, साली, पानं. खोलीला सदा कडवट वास. खणांपाशी डॉक्टरबाईंचे वडील बसायचे. त्यांना सगळे आबा म्हणत. ते चिमुकल्या तराजूत औषधं तोलून काढ्याच्या पुड्या बांधायचे. तो तराजू मला धाकट्या भावासारखा वाटायचा, पण भलताच चंचल. फुंकर मारली तरी हलायचा.

पहिल्याच दिवशी एक पोस्टमन माझ्यावर चढला. डॉक्टरबाईंनी छोटा ठोकळा मागे सरकवला, वहीतला जुना आकडा बघितला आणि म्हणाल्या, “दीड किलो उतरलं!” बाकावर बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी हादरलोच. बिचाऱ्याचं वजन घटलं आणि हे लोक टाळ्या वाजवतात! पुढे उलटंच व्हायचं. वाढलं की माणूस ओशाळून चपला शोधायचा. म्हणजे मी सोळा वर्षं शिकलो ते चूक होतं की काय?

डॉक्टरबाई आधी जीभ बघायच्या. मग तीन बोटं मनगटावर ठेवून बराच वेळ नाडी ऐकायच्या. त्यानंतर केसासारख्या बारीक सुया गुडघ्याखाली, पोटावर, कानावर. घरी जाताना कानाला चिकटपट्टीने बारीक बिया लावून द्यायच्या आणि सांगायच्या, “अवेळी खावंसं वाटलं की ही बी दाबायची, पाणी प्यायचं नि दहा मिनिटं थांबायचं.” कोणी फारच आशेने बघू लागलं, तर त्या स्पष्ट बोलायच्या, “सुया चरबी काढत नाहीत हं. झोप, भूक, मन यांना जरा वळण लावायला मदत होते, तीही सगळ्यांना सारखी नाही. ताट आणि चालणं तुमच्याच हातात.” काही जणांचं वजन उतरायचं, काहींचं नाही. पोस्टमन रोज मैलोगणती चालायचा. त्याचं उतरलं ते सुयांनी की पायांनी, हे मला आजही सांगता येणार नाही.

तिथेच एक दिवस टेलरताई आल्या. त्यांचं शिवणाचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. गळ्यात मोजपट्टी तशीच, पदराला टाचण्या. सोबत त्यांची धाकटी बहीण होती. ती एका शाळेच्या कचेरीत कामाला.

“दिवसभर बसून काम, त्यात कोणी ना कोणी बिस्किटं आणतं,” टेलरताई म्हणाल्या. “दुसऱ्यांचे कपडे उसवून सैल करते, आता माझेच करायची वेळ आली.”

मी सांगितलं, साडेचौऱ्याऐंशी. त्यांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरबाईंनी विचारलं, “रक्त तपासलंय का इतक्यात? साखर वगैरे?”

“हो हो, सगळं ठीक आहे. कागद घरी राहिला.”

बहिणीने त्यांच्याकडे चमकून पाहिलं. डॉक्टरबाईंनी कागद पुढच्या वेळी आणायला सांगितला. पुढच्या वेळीही तो घरीच राहिला.

पहिल्या महिन्यात एक किलो उतरलं. टेलरताईंना झोप चांगली लागू लागली, आणि सुया लावल्या की त्या खाटेवर चक्क घोरायच्या. मग दुसऱ्या महिन्यात आकडा भराभर उतरायला लागला. एका आठवड्यात दोन किलो, पुढच्यात अडीच. मी तर फुशारलो. बाकावरची मंडळी म्हणायची, “आम्हालाही त्याच जागी टोचा की!” डॉक्टरबाईंनीसुद्धा एकदा टाळी दिली. टेलरताईंनी स्वतःचेच ब्लाऊज आत घेतले.

एका गुरुवारी मात्र गंमतच झाली. मला तेव्हा गंमतच वाटली. आबा पुडी बांधता बांधता म्हणाले, “काय ताई, आमच्या काढ्याने भूक मेली वाटतं?”

“छे हो आबा! दुप्पट खातेय. घागरभर पाणी पितेय. तरी उतरतंय! कमाल आहे तुमच्या काढ्याची.”

सगळे हसले. टेलरताईंनी मोठी बाटली तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या दांडीवरचा त्यांचा हात तसाच राहिला.

“जीभ दाखवा,” त्या म्हणाल्या. जीभ कोरडी ठणठणीत होती. “लघवीला किती वेळा उठता?”

“चार-पाच वेळा. एवढं पाणी प्यायल्यावर होणारच ना.”

“आणि डोळे?”

उत्तर बहिणीने दिलं. “हल्ली सुईत दोरा मी ओवून देते, डॉक्टर. हिला दिसतच नाही.”

डॉक्टरबाईंनी सुयांचं पाकीट मिटलं. “आज सुया नाहीत, काढाही नाही. ही चिठ्ठी घ्या नि आत्ताच्या आत्ता रुग्णालयात जाऊन रक्त तपासून या.”

टेलरताईंचा चेहरा लाल झाला. “आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन उतरतंय, तर तेही तुम्हाला बघवत नाही?”

“ताई, हे उतरणं बरोबर नाही.”

“काटा तुमचा, आकडा तुमचा! आता तोच चुकीचा झाला?”

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी खोटं बोललेलो नाही. माझा आकडा अगदी खरा होता. मग चुकलं काय? कोणाचं?

टेलरताई चपला घालून निघाल्या. चिठ्ठी माझ्या फळीवरच पडली. बहीण दारात थबकली आणि हळूच म्हणाली, “डॉक्टर, तिने तपासणी केलीच नव्हती. आमची आई साखरेच्या आजारात गेली. तेव्हापासून ही रक्त तपासायला घाबरते. मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसले.”

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी उचलली. खाटेवरच्या माणसाच्या सुया काढल्या, आबांना दार लावून घ्यायला सांगितलं आणि बहिणीसोबत भर दुपारी बाहेर पडल्या.

त्यानंतर तीन आठवडे मला काहीच कळलं नाही. रोगी घरी गेले की डॉक्टरबाई माझ्याकडे बघत बसायच्या. एकदा आबांना म्हणाल्या, “कागद बघितल्याशिवाय सुरुवातच करायला नको होती. मीसुद्धा आकड्याला भुलले, आबा.”

आबा म्हणाले, “वेळेत जागी झालीस ना?”

“थोडी उशिराच.”

मग एके सकाळी टेलरताई बहिणीचा हात धरून आल्या. रक्तातली साखर भलतीच वाढली होती, त्यामुळे खाल्लेलं अंगी न लागता शरीरच झिजत होतं. आठ दिवस त्यांना रुग्णालयात ठेवलं होतं, आणि आता रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागत होती. डॉक्टरबाई त्या दुपारी दुकानात जाऊन बसल्या, रुसवे-फुगवे ऐकून घेतले आणि त्यांना रिक्षात घालूनच हलल्या, हे मला तेव्हा समजलं. “अजून दोन दिवस गेले असते तर ही शुद्धीवर राहिली नसती, असं तिथले डॉक्टर म्हणाले,” बहीण म्हणाली.

टेलरताई माझ्यावर चढल्या. वजन तीन किलो वाढलेलं. मी भीत भीत दाखवलं.

“वाढलं!” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि चक्क डोळे पुसू लागल्या. मग टेलरताई रडल्या, मग बहीण. आबांनी पुडीच्या कागदाची उगाच चारदा घडी घातली. वाढलं होतं, आणि या खोलीत पहिल्यांदाच कोणी ओशाळलं नव्हतं.

त्या दिवसापासून रक्ताचा कागद हातात आल्याशिवाय डॉक्टरबाई कोणालाच सुई लावत नाहीत. टेलरताई अजून येतात. इन्सुलिन चालू आहे, रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारूनच सगळं चालतं. वजन उतरतंय, पण गोगलगाईसारखं. कधी महिनाभर जागचं हलत नाही. त्यांना विचारलं तर म्हणतात, “दोरा ओवता येतो, मला पुष्कळ झालं.”

मला मात्र आता रोग्यांसमोर ठेवत नाहीत. काचेचा, विजेवर चालणारा काटा आला. तो क्षणात लाल आकडे दाखवतो, आणि कधी कधी उगाच बंद पडतो. मी पडद्यामागे आहे. माझ्या खांबावर आबा छत्री लटकवतात, फळीवर रिकामी खोकी असतात. माझा मोठा ठोकळा गंजून एका जागी अडकलाय. तेलाचे दोन थेंब मिळाले तर सरकेल, पण कोणाच्या लक्षात येत नाही. रागावत नाही मी, वय झालं. पण इथे अंधारात उभं राहून मी पुष्कळ विचार करतो आणि दर वेळी माझा गोंधळ उडतो. बाळाचं वाढलं, चांगलं. पोस्टमनचं उतरलं, चांगलं. टेलरताईंचं उतरलं, वाईट. वाढलं, चांगलं. आणि आता हळूहळू उतरतंय, तर तेही चांगलं! एकच आकडा, आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा. हा अर्थ माझ्या दांडीवर कुठेच कोरलेला नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो, मित्रांनो. आमची निगा राखा, आम्हाला कधीमधी तेल द्या, आम्ही खरंच बोलू. पण आम्ही सांगतो ते पुरेसं आहे असं समजू नका. तुमच्या घरात कोणी आरशासमोर उभं राहून “किती उतरलं बघ!” म्हणालं, तर टाळी द्यायच्या आधी त्याच्याजवळ बसा. नीट जेवतोस का, झोपतोस का, थकतोस का, कशाची भीती वाटते का, हे विचारा. उत्तर चुकवलं, तर पुन्हा विचारा. हे विचारायला तोंड लागतं आणि माया लागते. माझ्याजवळ दोन्ही नाहीत. तुमच्याजवळ आहेत.